पांढऱ्या पाटीचा महिमा

भारत सरकारचा नेमका कोणावर विश्वास आहे, या प्रश्नाने विचारवंत उगाच हैराण होतात. उत्तर कायद्यात छापलेले आहे. सरकारचा विश्वास खाजगी मोटारीच्या मालकावर आहे. पेन्शनवाल्या आजोबांना दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. चाळिशी उलटलेल्या माणसाला वाहन परवाना पुढे चालू ठेवायचा तर डॉक्टरची सही आणावी लागते. गाडीत सीएनजीची टाकी असेल तर त्या टाकीलाही दर तीन वर्षांनी चाचणी आहे. गाडीला मात्र यातले काही नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४१. खाजगी गाडी एकदा नोंदली की नोंदणी पंधरा वर्षे चालते. या पंधरा वर्षांत तिचे ब्रेक लागतात की नुसते वाजतात, स्टिअरिंग फिरवले की चाके फिरतात की विचार करतात, हे पाहायला सरकारचा माणूस एकदाही येत नाही.

पूर्वी निदान सुरुवातीला तरी गाडी आरटीओत नेऊन दाखवण्याची पद्धत होती. आता पूर्ण बांधणीची नवी गाडी शोरूममध्येच कागदोपत्री नोंदली जाते आणि पेढ्याच्या बॉक्ससकट थेट घरी येते. म्हणजे सरकारने तिला जन्मतःही पाहिलेले नसते. तरी ती चांगली आहे, याची सरकारला खात्री असते. अशी श्रद्धा आजकाल देवळातही पाहायला मिळत नाही.

पंधरा वर्षे हा काळ थोडा नव्हे. गाडी घेतली तेव्हा मागच्या सीटवर दुपट्यात गुंडाळलेले पोर आता दहावीच्या क्लासला जाते आणि ‘बाबा, गाडी मी काढू का?’ म्हणून विचारते. मधल्या काळात घरातला फ्रिज बदलला, सोफा बदलला, बाबांना बीपीची गोळी लागली, आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. गाडीचे आरसी बुक तेवढे जसेच्या तसे ठणठणीत.

या विश्वासाची खरी किंमत कळायची असेल तर पिवळ्या पाटीकडे पाहावे. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी, एकाच रंगाच्या दोन गाड्या बाहेर पडतात. एकीला पिवळी पाटी लागते, ती टॅक्सी होते. दुसरीला पांढरी लागते, ती जोशी किंवा पाटील यांच्या घरी जाते. पिवळीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. पांढरीला पंधरा वर्षे काही नाही. यामागचे शास्त्र सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. ब्रेक पॅड झिजतात ते पिवळ्या रंगामुळे. पांढऱ्या पाटीखाली रबर म्हातारे होत नाही, नट सैल होत नाहीत आणि हेडलाइट आकाशाकडे तोंड करत नाहीत.

काही शंकेखोर म्हणतात की टॅक्सी जास्त धावते म्हणून तिची तपासणी जास्त. मग रोज चाकण ते हिंजवडी जा-ये करणारी पांढऱ्या पाटीची गाडी कमी धावते काय? पण हा हिशेब किलोमीटरचा नाहीच, नात्याचा आहे. टॅक्सीत परके लोक बसतात, त्यांच्या जिवाची काळजी सरकारला. खाजगी गाडीत आपली बायकापोरे बसतात, त्यांच्या जिवाची काळजी ज्याची त्याने करावी. रस्ता ओलांडणारा पादचारी या वाटणीत कोणाच्याच वाट्याला येत नाही, आणि त्याचीही कधी तक्रार आलेली नाही.

पिवळ्या पाटीवाल्यांचे हाल पाहिले की पांढऱ्या पाटीची थोरवी आणखी पटते. मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेत ब्रेकच्या चाचणीसाठी अडीचशे मीटरच्या ट्रॅकचा आग्रह धरला. पुण्यात असा ट्रॅक झाला तो दिव्याला, म्हणजे दिवे घाट चढून वर. ब्रेक चांगले आहेत की नाहीत हे ठरवून घ्यायला टेम्पोवाल्याने आधी सासवड रस्त्याचा घाट चढायचा आणि दाखला मिळो न मिळो, परत तोच घाट उतरायचा. वारीच्या दिवसांत माउलींची पालखीही याच वाटेने जाते, त्यामुळे जागा पवित्र आहे यात शंका नाही. तरी खाजगी मालकाला ही वारी दर वर्षी घडत नाही, हे त्याचे पूर्वपुण्य.

आता कोणी असे समजू नये की खाजगी गाडीची आपल्याकडे वार्षिक तपासणीच होत नाही. होते, आणि ती सरकारच्या कुठल्याही योजनेपेक्षा कडक पाळली जाते. ती दसऱ्याला होते. आदल्या संध्याकाळी गाडी धुतात. मॅट काढून झटकतात, तेव्हा हरवलेली टोलची पावती आणि गेल्या दसऱ्याचे आपट्याचे पान सापडते. सकाळी बॉनेटला झेंडूची माळ, त्यावर स्वस्तिक, चाकाला हळदकुंकू, पुढे नारळ, चाकाखाली लिंबू. मालक गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि या चकरेत जे दिसते ते खरोखर पाहतो. मागच्या दाराला कोणीतरी ओरखडा काढला आहे, हे वर्षातून याच दिवशी लक्षात येते. मग किल्ली फिरवून गाडी लिंबावरून पुढे घेतात. लिंबू फुटले की गाडी पास. आजवर एकही गाडी नापास झालेली नाही. महाराष्ट्रात एकही पांढरी पाटी या तपासणीतून सुटत नसेल. त्यासाठी ना अपॉइंटमेंट लागते, ना एजंट.

‘पण पीयूसी आहे ना?’ असे म्हणणारे असतात. आहे की. गाडीचे पहिले वर्ष मोकळे. त्यानंतर बीएस-चार आणि बीएस-सहा गाड्यांना दर वर्षी, त्याहून जुन्यांना दर सहा महिन्यांनी. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक ओम्नी व्हॅन उभी असते. तिचा दरवाजा सरकवलेला, आत लॅपटॉप, प्रिंटर, छोटा पंखा आणि स्टुलावर एक मुलगा. तो मान वर न करता म्हणतो, ‘काका, जरा मागे घ्या. अजून. नंबर प्लेट फोटोत आली पाहिजे.’ प्लेट फोटोत येते. ‘आता रेस द्या.’ आपण रेस देतो. ‘बास.’ नळी तोपर्यंत सायलेन्सरमध्ये गेलेली असते किंवा जाण्याच्या बेतात असते. प्रिंटर कुरकुरतो, सर्टिफिकेट बाहेर येते, पेट्रोल गाडीचे सव्वाशे, डिझेलचे दीडशे. ती ओम्नी स्वतः कोणत्या साली नोंदली गेली, हे विचारण्याची पद्धत नाही.

या चाचणीचा मोठा गुण म्हणजे तिचा संयम. पेट्रोल गाडीत ती कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते, डिझेलमध्ये धुराचा दाटपणा. फुप्फुसात खोल जाऊन बसणारे बारीक कण ती तोलत नाही, नायट्रोजनच्या ऑक्साइडांना हात लावत नाही. मोजायला गेले की सापडतात आणि सापडले की काहीतरी करावे लागते, हे अनुभवाचे बोल आहेत. विजेवरच्या गाडीला तर पीयूसीही नको. सर्व्हिसिंगवाला सोडला तर तिची मागची बाजू पंधरा वर्षे फक्त सिग्नलला मागे थांबलेला रिक्षावाला पाहतो.

दिल्लीतल्या वाहनांच्या प्रदूषणावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. लेखापरीक्षकांची नजर मुळातच संशयी. त्यांनी लिहिले, मर्यादेबाहेर धूर सोडणाऱ्या लाखाहून अधिक गाड्यांना पीयूसी मिळाली. सात हजारांहून अधिक प्रसंगी एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून जास्त गाड्या तपासल्या गेल्या. हजारो सर्टिफिकेटे तपासणीनंतर मिनिटभरात हातात पडली. अहवालात हे दोष म्हणून नोंदले आहेत. वास्तविक याला कार्यक्षमता म्हणतात. सातबारा काढायला गेलेल्या माणसाला विचारा, एका मिनिटात काम होणारे दुसरे कुठले खिडकीवरचे काम त्याने आयुष्यात पाहिले आहे?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले, पीयूसी नसेल तर विमा देऊ नका. पुढे विमा कंपन्यांनी विनवण्या केल्या आणि जुलै २०२४ मध्ये थर्ड पार्टी विम्यापुरती ती अट निघाली. मालकाला दोन्ही वेळी काही फरक पडला नाही, कारण ओम्नी दोन्ही वेळी तिथेच होती.

कायद्याला काय जास्त महत्त्वाचे वाटते, तेही एकदा पाहून घ्यावे. कलम १९० मध्ये दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. धुराचा नियम मोडला तर दंड दहा हजारांपर्यंत, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ज्याने रस्त्यावर धोका होईल असा बिघाड गाडीत आहे हे माहीत असून ती चालवली, त्याला दीड हजारापर्यंत. ब्रेक नसलेली पण धूर न सोडणारी गाडी त्यामुळे बरीच परवडते. टायरवरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असाही नियम आहे. तो नियमांच्या पुस्तकात अगदी कोऱ्या करकरीत अवस्थेत आहे.

सरकार गाडीकडे कधीच पाहत नाही, असे म्हणणे तरी अन्यायाचे होईल. पाटीकडे पाहते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर कर. मुदत वाढली, पुन्हा वाढली, लोकांनी रांगा लावल्या, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. त्या गडबडीत गल्लोगल्ली दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या एका जागी आल्या, प्रत्येकीच्या पुढे आणि मागे माणूस उकिडवा बसला, पाटी खिळवली आणि उठला. इतक्या जवळून त्या गाड्या पाहण्याची संधी देशाला पुन्हा लवकर मिळणार नाही, आणि देशाने ती सभ्यपणे नाकारली.

उत्तरेत या बाबतीत एक वेगळा पंथ आहे. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरापुरते ठरवले की डिझेल गाडी दहा वर्षांची आणि पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची झाली की तिने रस्त्यावर येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून तर अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधन नाकारायचे ठरले. कॅमेरे बसले, पोलीस उभे राहिले, पहिल्या दोन-तीन दिवसांतच लोकांचा पारा चढला आणि बेत गुंडाळला गेला. ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयानेही तूर्त जबरदस्तीची कारवाई नको म्हणून सांगितले. वरवर पाहता दिल्लीचा आणि आपला मार्ग परस्परविरुद्ध वाटतो. पण तत्त्व एकच आहे. आपण गाडी न पाहता तिला निर्दोष सोडतो, ते गाडी न पाहता तिला शिक्षा देतात. जन्मतारीख पाहिली की पुरे, प्रत्यक्ष गाडीला त्रास द्यायचा नाही, याबाबत दोन्हीकडे एकमत आहे. एवढे राष्ट्रीय ऐक्य दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर दिसत नाही. शिवाय दिल्लीत जिचे आयुष्य संपले ती गाडी ना हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यात गेली की पुन्हा जिवंत होते, ही सोय वेगळीच.

परदेशात हा प्रश्न किती चुकीच्या पद्धतीने हाताळला गेला, हे पाहिले की आपल्या धोरणाविषयीचा आदर दुणावतो. इंग्लंडने १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंगची तपासणी सक्तीची केली. गाड्या इतक्या नापास होऊ लागल्या की पुढच्याच वर्षी वयाची अट सातवर आणावी लागली आणि १९६७ मध्ये तीनवर. यातला धडा स्पष्ट आहे. तपासले की दोष निघतात आणि दोष निघाले की आणखी तपासावे लागते. हे दुष्टचक्र आपण सुरूच होऊ दिले नाही. जर्मनीत नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी, आणि पुढची तारीख मागच्या नंबर प्लेटवर गोल स्टिकरने चारचौघांत मिरवायची. जपानातही तीन आणि मग दोन, आणि खर्च असा की लोक त्या धास्तीने चांगली गाडी विकून टाकतात. म्युनिकला असलेला आमचा भाचा फोनवर रडकुंडीला आला होता. ‘मामा, टायरची नक्षी कमी भरली म्हणून गाडी नापास केली हो!’ तिकडची मर्यादाही तीच, १.६ मिलिमीटर. फरक इतकाच की तिकडे कोणीतरी खाली वाकून मोजले. एवढे शिकलेले लोक, आणि एकमेकांवर हा असा अविश्वास!

अर्थात पंधरा वर्षे पुरी झाली की आपल्याकडेही सरकार जागे होते. जागे झाल्यावर माणूस आधी चष्मा शोधतो. सरकार पावतीपुस्तक शोधते. खाजगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क सहाशे होते, ते एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. गाडी वीस वर्षांपुढे गेली तर ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. उशीर झाला तर महिन्याला पाचशे. महाराष्ट्रात २०१० पासून वर पर्यावरण कर. तो भरला की त्याच सायलेन्सरमधून येणारा तोच धूर पर्यावरणाशी सलोख्याने वागू लागतो. नूतनीकरण पाच वर्षांचे, मग पुन्हा पाच. पन्नाशी गाठली आणि गाडी मूळ रूपात असली तर २०२१ च्या नियमांनी ती ‘व्हिंटेज’ होते, आणि मग नोंदणी एकदम दहा वर्षांची. म्हणजे गाडीची प्रकृती सर्वांत नाजूक पंधरा ते पन्नास या वयात. पन्नाशीनंतर ती पुन्हा सावरते.

मोठ्या व्यावसायिक गाड्यांची फिटनेस तपासणी स्वयंचलित केंद्रांत, यंत्राने करायचा नियमही झाला आहे. एप्रिल २०२३ ची तारीख होती, ती पुढे ऑक्टोबर २०२४ वर गेली. यंत्राचा दोष असा की ते चाकांखालच्या रोलरवर ब्रेक मोजते आणि आकडा छापते. त्याला ओळखीचा माणूस कळत नाही, ‘साहेब, मुलीचं लग्न आहे’ कळत नाही. खाजगी गाडीसाठी अजून बहुतेक ठिकाणी माणूसच आहे, आणि माणूस लांबून पाहतो.

म्हणूनच ‘पासिंग’चा दिवस हा मालकाच्या आयुष्यात मंगल असतो. आदल्या दिवशी गाडी गॅरेजला जाते. आपल्याकडचा फिटर जाणता असतो. मालक म्हणतो, ‘अहो, ब्रेक जरा खाली जातोय.’ फिटर हात पुसत म्हणतो, ‘ब्रेकचं नंतर बघू दादा. आधी लाइटा बघू. साहेब लाइटा बघतात.’ मग दोन्ही हेडलाइट, चारही इंडिकेटर, वायपर, हॉर्न. गंजलेल्या खालच्या पट्टीवर काळ्या रंगाचा एक हात. फुटलेल्या मागच्या दिव्यावर लाल चिकटपट्टी. प्रथमोपचाराची पेटी शेजारच्या मेडिकलमधून, तिच्यातली कापसाची गुंडाळी उघडू नये असा दंडक. टायर अगदीच तुळतुळीत झालेले असतील तर फिटरकडे नक्षीवाल्या टायरचा एक संच असतोच. तो विकत घ्यायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आवारात गाड्यांची रांग. एजंट फाइल घेऊन बॉनेटवर वाकलेला, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतोय. पंधरा वर्षांनी गाडीच्या अंगाला सरकारी कामासाठी कोणाचा तरी हात लागतो, तो असा. अक्षरे उमटली, फाइलला टाचली. साहेब येतात, उन्हामुळे डोळे बारीक करून रांगेवरून नजर टाकतात. ‘लाइट.’ लागले. ‘हॉर्न.’ वाजला. ‘इंडिकेटर.’ एक बाजू लागली, दुसरी फिटरने बाहेरून थाप मारल्यावर लागली. साहेब पुढच्या गाडीकडे. ब्रेक लागतात हे तर उघडच होते. गाडी थांबलेलीच होती.

फाटकाबाहेर वडाखाली फिटर जॅक आणि पाना घेऊन बसलेलाच असतो. पाच वर्षांची सुटका झाल्याच्या आनंदात मालक त्याला चहा पाजायला निघतो. तो खुणेने नको म्हणतो आणि पहिले चाक सैल करायला घेतो. ‘चहा राहू द्या दादा, जरा पटकन मोकळे करू. दुपारी हडपसरच्या गाडीला हेच टायर लावायचेत.’